पाठ केलेला तक्ता

सहा मीटरवरून

बाबांनी सूप संपवलं, ओठ टिपले आणि बक्षीस जाहीर करावं तशा आवाजात म्हणाले, "गुरुवारी. सकाळी साडेनऊ. तुमच्या आईचा उजवा डोळा. खाली मी ऑपरेशन करणार आणि परिषदेच्या सभागृहात दोनशे डॉक्टर पडद्यावर बघणार. थेट."

कुणी काही बोललं नाही. बाबांना ती शांतता आवडली. शांतता ही टाळ्यांची थोरली बहीण आहे, असं त्यांना नेहमीच वाटत आलं होतं.

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या त्या जेवणघरात सहा वर्षांनी सहाही खुर्च्या भरल्या होत्या. बाबांशी भांडून घर सोडून गेलेला धाकटा आज बायकोला घेऊन आला होता. बाबांनी दारातच त्याचे खांदे चाचपून पाहिले होते आणि म्हणाले होते, "खांदे मात्र माझे घेतलेस हो." तेवढ्या एका वाक्यावर धाकटा सकाळपासून तरंगत होता. तसाही तो पोहायला शिकवायचा. बाबा लोकांना सांगताना "आमचा धाकटा पाण्यात असतो" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे.

ताईनं चमचा खाली ठेवला. "बाबा, एवढी घाई कशाला? आईला उजव्यानं अजून छान दिसतंय. मोतीबिंदू वर्षभर थांबला तरी काही बिघडत नाही."

"छान दिसतंय म्हणूनच तर. जे छान आहे ते उत्तम करून दाखवायचं, त्यालाच प्रात्यक्षिक म्हणतात. डावा आठव की. मी केला आणि महिन्याभरात हिनं तक्त्याची शेवटची ओळ वाचली होती, घडाघडा. काय गं?"

"वाचली होती ना," आई म्हणाली आणि पाव पुढे करायला अख्खी वळली. हल्ली ती मानेनं वळत नसे, कमरेतून वळत असे.

"आणि तीस वर्षांची खुर्ची बदलून ही माझ्या या बाजूला का बसायला लागली, माहीत आहे का सूनबाई?" बाबांनी गालावरून हात फिरवला. "म्हणते, या बाजूनं मी जास्त बरा दिसतो. या वयात. आता बोला."

सगळे हसले. काकाही हसला. तो बाबांचा धाकटा भाऊ, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवणारा. आईसुद्धा हसली. ताईला मात्र हसू फुटलं नाही.

बाबांच्या हॉस्पिटलात एक रिवाज होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची ती बाबांनीच, सगळ्या नातेवाइकांसमोर. पट्टी काढली की ते पेशंटच्या पुढ्यात वाकायचे आणि विचारायचे, "बोला, मी कसा दिसतोय?" लोक हसायचे, रडायचे, हात धरायचे. शहरात त्या प्रश्नाची गोष्ट झाली होती. त्यापुढची तपासणी, औषधं, तक्रारी, बिघाड हे सगळं ताईकडे. एकोणीस वर्षं ती त्यांच्या शेजारी बसून काम करत होती आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही पेशंट तिला छोट्या डॉक्टर म्हणत होते.

दोन वर्षांपूर्वी आईची पट्टी निघाली तेव्हाही बाबांनी तोच प्रश्न विचारला होता. समोर धुकं होतं. आई म्हणाली होती, "होता तसेच."

त्या डोळ्यानं आईला गेली पावणेदोन वर्षं काही दिसत नव्हतं. उजेडसुद्धा नाही. गुरुवारी उजव्याचं काही बरंवाईट झालं असतं तर मागे काहीच उरणार नव्हतं. आणि हे घरात आपल्या दोघींनाच माहीत आहे, अशी ताईची त्या घटकेपर्यंत समजूत होती.


तीन मीटरवरून

बशा विसळायला ताईला कोणाची मदत नको होती, म्हणून सगळेच आत आले. आई तेवढी बाहेर राहिली. बाबा तिला सभागृहातला पडदा केवढा आहे ते हात पसरून सांगत होते.

सूनबाईनं दार लोटून घेतलं. लोकांचं बोलणं ऐकून घेणं हा तिचा पेशा. समुपदेशन केंद्रात ती दिवसाला सात-सात माणसं ऐकायची, त्यामुळे स्वतः बोलायची तेव्हा फार थोडं बोलायची.

"आईंना डाव्या बाजूचं दिसत नाही ना?"

ताईनं हातातली बशी खाली ठेवली. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी डावीकडून पाणी दिलं. त्यांनी ग्लास पडू दिला नाही, पण आधी टेबल चाचपलं."

"मी साधी काच घालतो," काका म्हणाला.

"काय?"

"वहिनींच्या चष्म्यात. डावीकडं. दोन वर्षं झाली. नंबर कोणाला देऊ?" काकानं स्वतःचा चष्मा काढून पुसायला घेतला. "नवा चष्मा लावला की माणूस एकेक डोळा मिटून बघतो. ह्या उजवा मिटतच नाहीत. मी चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर काचा बसवतोय ताई, मला सांगावं लागत नाही."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तू बोललीस का?"

धाकटा दाराला पाठ लावून उभा होता. "थांबा. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. बाबा सोडून. आणि मी सोडून."

"तू होतास कुठे?" ताई म्हणाली.

"टोमणे नंतर. झालं काय ते सांग."

ताईनं सांगितलं. आईच्या ऑपरेशनच्या थोडं आधीपासून बाबांचा हात सुटायला लागला होता. सूक्ष्मदर्शकाच्या शेजारच्या भिंगातून तिला ते दिसायचं. नखाएवढ्या जागेत सुई केसभर हलली तरी ती डोंगराएवढी दिसते. मग तिनं एक पद्धत बसवली. हात हलला की म्हणायचं, "बाबा, बाहेर पाहुणे थांबलेत, तुम्ही त्यांना समजावून सांगा, मी टाके घेते." बाबा खुशीत उठायचे. बाहेर तरुण डॉक्टर वह्या उघडून बसलेले असत. ती आत राहिलेलं काम निस्तरायची. आईच्या वेळी तिनं पाहुण्यांचं नाव काढलं, पण बाबा म्हणाले, "आज पाहुणे थांबतील. ही माझी बायको आहे." तोवर भिंगामागचा नाजूक पडदा फाटला होता. तीन महिन्यांनी दृष्टिपटल सुटलं. मावशीकडे जातो सांगून दोघी दोनदा परगावी जाऊन आल्या. मावशीकडे गेल्याच नाहीत. उपयोग झाला नाही.

"आणि बाबांना सांगितलं नाही."

"आईनं सांगू दिलं नाही. त्यांनी महिन्याभरानं तक्ता वाचायला लावला, त्याच्या आदल्या रविवारी तिनं तो पाठ केला. माझ्यासमोर. मीच तिला अक्षरं वाचून दाखवली." ताईनं नळ बंद केला. "म्हणून त्यांच्या हिशेबी तो डोळा उत्तम आहे. गेल्या दोन वर्षांत त्यांचं काहीच बिघडलेलं नाही. मी बिघडू दिलं नाही ना."

धाकट्यानं केसांतून हात फिरवला. ते करण्याची ढब थेट बाबांची होती. "एक केस गेली म्हणून माणूस संपला का? सहा वर्षांनी ते आज माझ्याशी सरळ बोललेत. आणि नेमकं आजच तुला हे सगळं उकरायचंय."

"गुरुवार मी ठरवला नाही."

"मला वाटतं ताई, तुलाच त्या कॅमेऱ्यापुढं बसायचंय."

काका म्हणाला, "अरे, जिभेला काही हाड?"

"असू दे काका," ताई म्हणाली. "खांद्यांची बक्षिसी मिळाली आहे त्याला. एवढं तर तो बोलणारच."

धाकट्याचा चेहरा पडला. क्षणभर तो पाच वर्षांचा दिसला.

सूनबाई हळूच म्हणाली, "सगळे म्हणतात, बाबांचं स्वतःवर फार प्रेम आहे. मला नाही वाटत. प्रेम असलं असतं तर दर माणसाला वाकून विचारावं लागलं असतं का, मी कसा दिसतोय म्हणून?"

"झाला हिचा तास सुरू," धाकटा पुटपुटला. पण त्यात दम नव्हता.

"तुम्ही मुलं त्याला आता बघताय," काका म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत चुना उडालेली ती पोरगी आली होती तेव्हा तुम्ही नव्हता. त्याआधी तिला तीन नामांकित डॉक्टरांनी पाहिलं होतं. तिघेही सज्जन, तिघेही नम्र. तिघांनी हात जोडले. दादाकडं तेव्हा भाड्याचं गॅरेज होतं आणि एक उसना दिवा. तो तिच्या बापाला म्हणाला, माझ्यासारखा हात या शहरात दुसरा नाही. खोटं होतं ते. त्याच्या गुरूंचा होता. पण तो बोलला आणि बापाचं रडं थांबलं. ती पोरगी आज शाळेत मुलांना वाचायला शिकवते." त्यानं चष्मा परत नाकावर चढवला. "थोडी मस्ती अंगात असल्याशिवाय माणूस दुसऱ्याच्या डोळ्यात सुई घालत नाही. तुझ्यात ती नाही, ताई. म्हणून तू चांगली आहेस, आणि म्हणून छोटी डॉक्टर आहेस. राग येऊ देऊ नकोस."

ताईला राग आला नाही. खरं होतं ते. आठ वर्षांची असताना बाबांनी तिची बोटं दिव्यासमोर धरून म्हटलं होतं, "हे हात माझे आहेत." ती त्या दिवसापासून ते जपून वापरत आली होती, दुसऱ्याची वस्तू वापरावी तसे.


एका मीटरवरून

हॉस्पिटलच्या दप्तरात आईची फाईल आहे. अक्षर सगळं ताईचं.

पहिला दिवस. पट्टी काढली. पेशंट समाधानी.
(पेशंटनं रात्रभर उशीचा अभ्रा चावला होता.)

तिसावा दिवस. दृष्टी उत्तम. शेवटची ओळ, सर्व अक्षरं बरोबर.
(बाबांनी टाळी वाजवली. पेशंटनं ताईकडे पाहिलं नाही. ताईनं पेशंटकडे पाहिलं नाही.)

नव्वदावा दिवस. पेशंट परगावी, बहिणीकडे.

एकशे चाळिसावा दिवस. पेशंट परगावी, बहिणीकडे.

त्यापुढे नोंद नाही. एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून खोडलेलं आहे: कोणाला सांगू.


बोटं मोजता येतात

"चला खाली," बाबा म्हणाले. ते रंगात आले होते. "धाकट्यानं कधी बघितलंच नाही. आईचा डावा कसा वाचतो ते दाखवू त्याला. मग कळेल बाप काय चीज आहे."

रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. बाबा पुढे गेले, धाकटा त्यांच्यामागे, मग काका आणि सूनबाई. ताई आईला धरून जिन्यावर मागे राहिली. आईला धरावं लागत नव्हतं. पायऱ्या ती आकड्यानं उतरत होती.

"आई, आज सांगू या."

"करू दे त्यांना गुरुवारी."

"वेड लागलंय का तुला? हात सुटला तर? तिथं मी पाहुण्यांचं निमित्त काढू शकणार नाही. दोनशे पाहुणे तर पडद्यासमोरच बसलेत."

"नाही सुटायचा. माझ्या वेळी ते जिवापाड करतात."

"मागच्या वेळीही जिवापाडच केलं होतं."

आई एक पायरी थांबली. "त्यांना कळलं तर ते मोडतील गं. तुला माहीत नाहीत ते. मी पाहिलेत. गॅरेजात असताना एकदा एक माणूस म्हणाला, तुमच्यापेक्षा ते दुसरे डॉक्टर बरे. दोन दिवस उठले नव्हते जागचे. लहान पोरासारखं जेवू घातलं मी."

"आणि तुझं काय? उजवाही गेला तर?"

"मला घर पाठ आहे," आई म्हणाली.

त्याच पायरीवर ताईनं ठरवलं. एकोणीस वर्षं जे तिनं बाबांच्या पाठीमागे निस्तरलं, ते आज त्यांच्यापुढ्यात निस्तरायचं. आईची परवानगी मागितली असती तर आई नाही म्हणाली असती. तिनं मागितली नाही.

"मी पुढे जाऊन दिवे लावते," ती म्हणाली.

तपासणीच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. शेजारच्या खोलीत मुलांचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी: मासा, छत्री, होडी, चांदणी, खाली खाली बारीक होत गेलेली. ताईनं अक्षरांचा तक्ता काढून मुलांचा लावला. बाबा तेव्हा पलीकडच्या आपल्या खोलीत धाकट्याला भिंग दाखवत होते. आई आत आली, भिंतीकडे न बघता सवयीनं खुर्चीपाशी गेली, बसली. बाबांनी स्वतः तिच्या उजव्या डोळ्यावर झाकण धरलं, तिच्या मागे उभे राहून, एक हात तिच्या खांद्यावर.

"हं. वरपासून. सावकाश. मुलाला ऐकू दे."

आई ताठ बसली.

"क," ती म्हणाली. "न, प. ट, र, ग. ल, म, क, द." आवाजात शाळकरी लय होती. "र, ग, क, ट, न, प." आणि थोडं थांबून, कष्ट पडत असल्याचं नीट दाखवून, "शेवटची बारीक आहे हं. ह, व, स, र, घ, त, ब."

समोर मासा होता. छत्री होती. होडी होती.

तिला वाटलं, छान जमलं. ती हसली आणि वाट बघत राहिली. मागच्या वेळी या ठिकाणी टाळी आली होती.

धाकटा तोंडावर हात धरून भिंतीकडे वळला. काका खाली बघत होता. बाबांनी तक्त्याकडे पाहिलं, आईच्या डोक्यावरून, बराच वेळ. त्यांचा हात अजून झाकण धरून होता.

"तक्ता कोणी बदलला?"

"मी," ताई म्हणाली.

आईचं हसू तसंच राहून गेलं, पाहुणे निघून गेल्यावर दिवा राहावा तसं. मग तिनं हात वर करून बाबांच्या हातातलं झाकण बाजूला केलं आणि उजव्या डोळ्यानं भिंतीवरचा मासा पाहिला.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं. तो प्रश्न आईला नव्हता.

"पहिल्याच महिन्यापासून. पूर्ण गेला तो चौथ्या महिन्यात. मागचा पडदा ऑपरेशनमध्येच फाटला होता, बाबा."

"नंतरची तपासणी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"म्हणजे तू घालवलास."

ताईला वाटत होतं, हे वाक्य आलं तर आपल्याला फार लागेल. पण ते येणारच होतं, आणि ते आल्यावर उलट पाय जमिनीला लागल्यासारखं वाटलं.

"बाबा," धाकटा म्हणाला. "ताईचं राहू द्या. आईला विचारा काहीतरी."

"तिला काय विचारू? दोन वर्षं हिनं माझं हसं केलंय. मी हा डोळा तीन परिषदांमध्ये दाखवलाय. फोटोसकट. लोक काय म्हणतील? आणि तुम्ही सगळे. तू." ते काकाकडे वळले. "तुलाही माहीत होतं? घरातल्या घरात कट?"

"दादा, कट नव्हता. तुझ्या जिवाला जपत होतो."

"मला जपायला मी काचेचा आहे का?"

आई त्यांच्याकडे तोंड करून बसली होती. ती वाट बघत होती. ताईला आधी कळलंच नाही ती कशाची वाट बघतेय. आणि कळल्यावर तिला तिथून पळून जावंसं वाटलं. एक प्रश्न होता. सोपा होता. कोणीही अनोळखी माणसानं विचारला असता. दुखलं का, कसं निभावलंस, रात्री उठतेस तेव्हा काय करतेस. यांतला कुठलाही चालला असता.

बाबांनी कोटाची बटणं लावली.

"मला वाटायचं," आई म्हणाली, "तुम्हाला कळलं तर तुम्ही रडाल. म्हणून नाही सांगितलं."

बाबा दारात थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, पण ते नेहमीसारखं सगळ्यांना दिसेल अशा बाजूनं गेलं नाही. मग ते बाहेर पडले आणि पलीकडच्या त्यांच्या खोलीचं दार लागलं.

सूनबाई आईच्या पायाशी बसली. धाकटा आईच्या डाव्या बाजूला गेला, मग चूक लक्षात येऊन उजवीकडे आला.

"इतकी वर्षं मी त्यांना जपलं," आई म्हणाली. ती कोणाशी बोलत होती कळत नव्हतं. "वाटायचं, आत खूप आहे. ते हलू नये म्हणून जपलं." तिनं ताईचा हात चाचपून धरला. "उजवा तू कर. घाई करू नकोस. आणि तुला मी क्षमा केलेली नाही, तक्त्याबद्दल. करीन. आज नाही."


हात हललेला कळतो

ताई बाबांच्या दाराशी गेली ती त्यांची समजूत घालायला. एकोणीस वर्षांची सवय पायांत असते. दार उघडायच्या आधी तिला आवाज ऐकू आला.

"अहो, मी स्वतः बोलतोय. हो, स्वतः. तुमचं नाव यादीत तेराव्या नंबरावर होतं, ते मी पहिलं केलं. गुरुवारी. दोनशे डॉक्टर बघणार आहेत, म्हणजे बघा, किती जपून होईल. भीती? भीती कसली? मी आहे तोवर भ्यायचं नाही. पंधरा मिनिटांत तुम्ही परत पिठाच्या गोण्या मोजायला मोकळ्या."

बेकरीवाल्या बाई होत्या. ताईनं त्यांना महिन्यापूर्वी तपासलं होतं. एकट्या बेकरी चालवायच्या आणि ऑपरेशनच्या नावानं थरथर कापायच्या. ताईनं दार किलकिलं केलं तेव्हा फोनच्या या टोकालाही त्यांचं हसणं ऐकू आलं. सुटल्यासारखं हसणं. त्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक. ताईनं असंख्य पेशंटना तेच शब्द सांगून पाहिले होते. तिच्या तोंडून ते औषधाच्या चिठ्ठीसारखे यायचे.

ती आत गेली. बाबांनी मान हलवून, बस, अशी खूण केली. उजवा हात टेबलाखाली होता. डाव्या हातात रिसीव्हर.

ताईनं बोट ठेवून फोन तोडला.

असं तिनं आयुष्यात केलं नव्हतं. बाबांनी रिसीव्हरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पेशंट घाबरेल," ते म्हणाले.

"घाबरू दे. नंबर द्या."

"काय सांगणार आहेस?"

"जे आईला आधी सांगायला हवं होतं ते."

"हे हॉस्पिटल बंद पडेल. कळतंय ना तुला? माझ्या नावावर येतात लोक. तुझ्या नाही."

"माहीत आहे."

"तुझं काय राहील मग?"

तिनं टेबलावरची यादी उलटी फिरवून घेतली, नंबर वाचला, रिसीव्हर त्यांच्या हातातून सोडवून घेतला. बाबांनी तो सोडला. ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. त्या बाजूनं उजवा हात दिसत होता. मांडीवर ठेवलेला, डाव्यानं मनगटाशी धरलेला. धरूनही तो थांबत नव्हता.

"बाई, मी छोट्या डॉक्टर. हो, फोन कट झाला. मीच केला. नीट ऐका. गुरुवारी तुमचं ऑपरेशन होणार नाही. तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडून करून घ्यायचं होतं, पण ते आता ऑपरेशन करू शकत नाहीत. नाही, आजारी म्हणजे... त्यांचा हात स्थिर राहत नाही. मला हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, सगळ्यांनाच. दोन वर्षांपासून..."

"तीन," बाबा म्हणाले.

ताईनं रिसीव्हरवर तळवा ठेवला.

"दोन नाही." ते भिंतीशीच बोलत होते, चुकलेली नोंद दुरुस्त करावी तशा आवाजात. "तीन वर्षं झाली."

आईचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं.

रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता. छोट्या डॉक्टर, आहात ना, कधीपासून म्हणालात?

ताईनं तळवा काढला.

"तीन वर्षांपासून," ती म्हणाली.